आठ डब्यांचा फाटा

१

बेथेलच्या फाट्यात आठ डबे मावतात, नऊ मावत नाहीत. दक्षिण जॉर्जियातल्या त्या छोट्याशा रेल्वेवर काम करणाऱ्या सगळ्यांना ही गोष्ट पाठ होती. सगळे म्हणजे एकूण अकरा जण.

लाइन अडतीस मैलांची. एका लाकूड कंपनीने जंगल तोडायला घातली, पुढे मोठ्या रेल्वेने गिळली, आणि १९८६ साली, ताटातली नको असलेली भाजी बाजूला सारावी तशी, भुईमुगाच्या एका व्यापाऱ्याला विकून टाकली. दोन इंजिनं होती, दोन्ही चाळिशी ओलांडलेली. वेग ताशी दहा मैल. रुळावर शेळी आली आणि पळत सुटली, तर शर्यत शेळीच जिंकायची.

रेफर्ड थिग्पेन या लाइनीवर पहिल्या दिवसापासून ड्रायव्हर होता, आणि हॉइट सॅप त्याचा गार्ड. हॉइट त्याच्या बायकोचा, वायनेलचा, धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा हॉइट सहा वर्षांचा होता. वायनेलनेच त्याला लहानाचा मोठा केला. लग्न करून रेफर्डच्या घरी आली तेव्हा एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात हा भाऊ, अशीच आली. पुढे दोघं एका गाडीवर लागले तेव्हा ती रेफर्डला एवढंच म्हणाली, "सकाळी नेताय तसा संध्याकाळी आणून द्या. बाकी तुमच्या रेल्वेतलं मला काही कळत नाही." सतरा वर्षं रेफर्ड तो शब्द पाळत आला होता.

मंगळवारी आणि शुक्रवारी मुख्य लाइनीतून फुटणाऱ्या या फाट्यावरून बेथेलच्या गिरणीत मक्याचे आठ डबे ढकलायचे. तिथे कोंबड्यांचं खाद्य बनतं. इंजिन बाहेरच्या बाजूला, डबे आत. ड्रायव्हरला पुढचं काहीच दिसत नाही. गार्ड शेवटच्या डब्याच्या शिडीला लटकतो आणि रेडिओवर सांगत राहतो, अजून किती डब्यांएवढी जागा आहे. आठ, चार, दोन, एक, थांब. त्यात एक नियम असा आहे, की जो आकडा ऐकलात त्याच्या निम्मं अंतर कापेपर्यंत पुढचा शब्द आला नाही, तर गाडी थांबवायची. गार्ड पडला असेल, रेडिओ मेला असेल, काहीही असेल. आधी थांबायचं, मग विचारायचं. हा नियम ज्याने मोडला त्याने कुणाला तरी मारलं, असं रेफर्डला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने सांगितलं होतं, आणि सांगताना तो रेफर्डकडे बघत नव्हता.

आठवा डबा फाट्याच्या टोकाच्या अडसराला टेकला, की रेफर्डच्या खिडकीसमोर बरोबर बेथेल चर्चची पाटी येते. पाद्रीबाबा दर आठवड्याला तिच्यावरची अक्षरं बदलतो. सप्टेंबरच्या त्या मंगळवारी तिच्यावर 'रविवारी या, पंखे नवे बसवलेत' असं होतं. रेफर्डने ते वाचलं, पण खिडकीतून नव्हे. हॉइट "थांब" म्हणाला, गाडी थांबली, आणि खिडकीसमोर होती पाद्रीबाबाची टपालपेटी. पाटी वाचायला त्याला मान मुरडून मागे बघावं लागलं.

तो एक डबा जास्त आत आला होता.

२

"किती डबे आणले आपण?" हॉइट इंजिनात चढला तसं रेफर्डने विचारलं.

"आठ. का हो?"

"मोज."

"दाजी, यार्डात मोजले, फाट्यावर मोजले. आता काय त्यांची लग्नं लावायचीत?"

रेफर्डने हाताने पाटी दाखवली. हॉइटने पाटी बघितली, टपालपेटी बघितली, टोपी मागे सारून कपाळ पुसलं.

"अडसर ढकलला गेला असेल," रेफर्ड म्हणाला.

"छे. लाथ मारून आलो त्याला. जागच्या जागी आहे."

"मग पाटी हलवली असेल."

दोघं खाली उतरले. पाटीचे खांब सिमेंटमध्ये घट्ट रोवलेले, आणि त्यांच्या बुडाशी लाल मुंग्यांचं वारूळ, एका दिवसात होणार नाही एवढं मोठं. मग रेफर्डने आठ डबे मोजले. आठच होते. हॉइटने मोजले. आठच भरले.

"म्हातारपण आलं, दाजी," हॉइट म्हणाला. "माणूस आखूड होतो, रूळ लांब होतात."

रेफर्ड हसला, पण हसू काही आतून आलं नाही. एखादा आकडा जुळत नसला की त्याला तो सोडवायचा नाही, अशी जुनी खोड. परतीच्या सगळ्या वाटेवर त्याने हिशेब मांडून पाहिला. उन्हाने लोखंड वाढतं, पण साठ फूट नाही. डबे वेगळ्या लांबीचे असतील म्हणावं, तर ते गेल्या मंगळवारचेच होते. शेवटी मी चुकून पुढे थांबलो असेन, असं त्याने स्वतःला सांगितलं. अडसर असताना पुढे कसं थांबता येईल, हा प्रश्न मात्र त्याने स्वतःला विचारला नाही.

३

शुक्रवारी टपालपेटीही मागे गेली. खिडकीसमोर नुसता चिंचोळा खड्डा आणि त्यात तुंबलेलं पाणी. पाटीपासून तीन डबे आत.

त्या दिवशी रेफर्डने घड्याळ लावलं. शेवटच्या डब्यापासून इंजिनापर्यंत चालत यायला हॉइटला तीन मिनिटं लागतात. गुडघा दुखत असेल तर चार. तीन झाली, चार झाली, सहा झाली. रेफर्डने खिडकीतून मान काढून बघितलं. डब्यांची रांग सरळ गेलेली, कडेला खडी, माणूस नाही.

"हॉइट, कुठे आहेस?"

"येतोय की," रेडिओवर हॉइट म्हणाला. धाप लागलेली नव्हती. चालता चालता बोलावं तसा आवाज.

अकराव्या मिनिटाला तो वर चढला. रेफर्डचा जीव खाली आला, आणि जीव खाली आला म्हणून राग वर आला.

"रस्त्यात जेवायला बसला होतास का?"

"सरळ आलो. थांबलोसुद्धा नाही."

"अकरा मिनिटं?"

हॉइटने स्वतःचं घड्याळ पाहिलं, मग रेफर्डचं. दोन्ही सारखीच.  जेवणाचा डबा उघडून त्याने टोमॅटो सँडविच काढलं आणि ते हातातच धरून बसला. रेफर्डचं लक्ष त्याच्या पँटच्या दुमडीकडे गेलं. तिच्यात पिवळा भुसा अडकला होता. मक्याचा कोंडा, दुसरं काय असणार. गिरणीत सगळीकडे तोच उडत असतो. पण रेफर्ड खाली वाकला तेव्हा वास आला तो पाइनचा, ओल्या, नुकत्या चिरलेल्या लाकडाचा. रेफर्डचे वडील लाकडाच्या गिरणीत होते. तो वास त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"हे काय लागलंय?"

हॉइटने खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "कोंडा आहे," तो म्हणाला, आणि झटकून टाकला.

४

शनिवारी सकाळी रेफर्ड मोजणीचं चाक घेऊन एकटाच बेथेलला गेला. हातच्या कांकणाला आरसा कशाला, मोजून टाकू. फाटा लाइनीतून फुटतो त्या सांध्यापासून अडसरापर्यंत तो तीनदा चालला, आणि तिन्ही वेळा चाकाने तोच आकडा दाखवला. फाटा होता तेवढाच होता. पाटीपासून अडसरापर्यंत एक इंजिन आणि आठ डबे. अडसराच्या पलीकडे रूळ नाहीत, स्लीपर नाहीत. बांधावर पाइनची झाडं माजलेली आणि त्यांवर वेलींची झूल. तिकडून काही आवाज येतो का म्हणून तो मिनिटभर उभा राहिला. गिरणीची घरघर येत होती, ती मागून.

त्याला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. फाटा लांबला असता, तर निदान कुणाला तरी सांगता आलं असतं.

यार्डाच्या कचेरीत ज्यूएलबाई एकट्याच होत्या. गाड्यांना परवानगी देणं, फोन घेणं, पत्रं टाइप करणं, सगळं त्याच करत. सध्या त्यांच्या टेबलावर जुन्या कागदांचा ढीग होता. राज्यातल्या छोट्या रेल्वेंचा इतिहास छापायचं कुणीतरी मनावर घेतलं होतं, आणि प्रत्येक लाइनीने आपली दोन पानं लिहून पाठवायची होती.

"बेथेलच्या पुढे लाइन होती ना?" रेफर्डने विचारलं.

"होती तर. ऑर्बीपर्यंत, सात मैल." ज्यूएलबाईंनी चष्मा लावून एक पिवळा नकाशा सरकवला. "लाकडाची गिरणी होती तिथे. माणसंही बरीच होती. माझे आजोबा तिथे स्लीपर उचलायचे. बेचाळीस साली रूळ उखडून भंगारात घातले."

"आणि माणसं?"

"ते नकाशात नसतं, रेफर्ड." त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "आजोबांना विचारलं तर ते उठून अंगणात जायचे. तू का विचारतोयस?"

"सहज."

सांगून टाकावं असं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण सांगणार काय? दोन आठवड्यांनी त्याची डोळ्यांची तपासणी होती. गेल्या खेपेला डॉक्टरने हूं हूं केलं होतं. ड्रायव्हरला जागेचा अंदाज राहिला नाही, अशी कुणकुण मालकाला लागली असती, तर तपासणीचीही गरज उरली नसती. झाकली मूठ सव्वा लाखाची. रेफर्ड गप्प बसला. पुढे त्याला स्वतःचा राग आला तो याच गोष्टीचा.

रविवारी चर्चनंतर हॉइट जेवायला आला. वायनेलने कोंबडी तळली होती, भेंडी होती, मक्याची पोळी होती. हॉइट नेहमीसारखा पोटभर जेवला. तो गेल्यावर ताटं उचलता उचलता वायनेल म्हणाली, "याचं काय चाललंय हो?"

"काय चालायचंय?"

"काही विचारलं की उत्तर उशिरा येतं. बहिरा झालाय असं नाही. लांब असल्यासारखा." तिने ताट तसंच हातात धरलं. "मीठ दे म्हटलं तर आधी माझ्याकडे बघत बसला, मग हो म्हणाला, मग दिलं. तुम्ही बघा जरा."

"बघतो," रेफर्ड म्हणाला.

सोमवारी त्याने बघितलं ते असं: यार्डात हॉइटला बाजूला घेऊन म्हणाला, "उद्या मागे मी लटकतो. तू इंजिन चालव."

हॉइट खो खो हसला. "त्या शिडीवर? तुम्हाला घरची पायरी चढायला कठडा लागतो. आणि मला इंजिन चालवताना मालकाने बघितलं, तर दोघंही उद्यापासून शेंगा उकडायला बसू." मग हसणं थांबवून, मध्ये जरा जास्तच वेळ घेऊन, तो म्हणाला, "घाबरू नका, दाजी. मला अडसर दिसतो. दर वेळी दिसतो."

५

मंगळवारी उजेड स्वच्छ होता, दुपारचे अडीच. सांधा लावून हॉइट शेवटच्या डब्यावर चढला.

"चला दाजी, मागे. आठ डबे."

रेफर्डने हळूच ढकलायला घेतलं. चालायच्या वेगाने. चार डब्यांएवढं गेलं की शब्द यायला हवा होता. आला.

"आठ डबे."

रेफर्डचा हात ब्रेकवर गेला, आणि तिथेच राहिला. आकडा कमी झाला नव्हता, पण शब्द आला होता. शब्द आला तर थांबायचं कशाला? नियम शब्दाचा होता; शब्द तोच आला तर काय करायचं हे नियमात नव्हतं, कारण तसं कधी कुणाच्या बाबतीत झालंच नव्हतं. सतरा वर्षं त्या आवाजावर विसंबून गाडी ढकलणारा माणूस त्या आवाजालाच खोटं कसं म्हणणार? इथेच तो चुकला.

"आठ डबे," हॉइट पुन्हा म्हणाला. निवांत, रोजच्यासारखा.

खिडकीसमोरून पाटी गेली. टपालपेटी गेली. खड्डा गेला. यानंतर डाव्या हाताला गिरणीची भिंत यायला हवी होती. भिंत आली नाही. पाइनची झाडं आली, दोन्ही बाजूंनी, इतकी जवळ की फांद्या इंजिनाला घासत होत्या.

"आठ डबे, दाजी. येऊ द्या."

रेफर्डने ब्रेक लावला. डबे एकामागोमाग एक आपटत थांबले. तो आवाज आत आत जात राहिला, आठ डब्यांना जेवढा वेळ लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ.

"का थांबलात?"

"हॉइट, तुला काय दिसतंय?"

उत्तर यायला वेळ लागला. "अडसर. सांगतोय ना, आठ डब्यांवर."

"गिरणी दिसते का?"

पुन्हा तेवढाच वेळ. "गिरणी चालू आहे," हॉइट म्हणाला. "आवाज येतोय की करवतीचा."

६

रेफर्डने इंजिनाचे ब्रेक आवळले, रेडिओ कमरेला अडकवला आणि खाली उतरला. उतरताना त्याने ठरवलं होतं की आपण शांतपणे चालत जायचं, मेव्हण्याच्या दंडाला धरायचं आणि त्याला घेऊन यायचं. बाकीचा विचार घरी गेल्यावर करायचा. वायनेल दाराशी उभी राहिली तर तिला काय सांगणार, हे एकदा डोळ्यांसमोर आलं, तेवढंच.

तो मोजत निघाला. एक, दोन, तीन. राखाडी डबे, कोपऱ्यात पांढऱ्या रंगात नंबर. पहिल्याच्या नंबराच्या शेवटी ४१७, दुसऱ्याच्या २०३. यादी त्याच्याच खिशात होती. सात, आठ.

नऊ.

नवव्या डब्यापाशी तो उभा राहिला. तसाच राखाडी, तसाच गंजलेला. नंबराच्या शेवटी ४१७. दहाव्यावर २०३. आपण चालता चालता मागे तर फिरलो नाही, असं वाटून त्याने वळून पाहिलं. मागे इंजिन दिसत होतं, लहान आणि लांब. तो पुन्हा पुढे चालू लागला. सोळा मोजले. सतराव्यावर ४१७ असणार हे ठाऊक असून त्याने वाचलं, आणि ते होतं.

करवत त्यालाही ऐकू येत होती. सुरू व्हायची, लाकडात शिरताना घोगरी व्हायची, आणि सुटायची.

मग त्याला हॉइट दिसला. रांगेच्या पार टोकाला नारिंगी जाकिटाचा ठिपका. त्याच्या मागे अडसर नव्हता. रूळ सरळ जात होते, वापरातले असावेत तसे चकचकीत, आणि पुढे कुठेतरी झाडं संपून उजेड होता. त्या उजेडात आणखी माणसं होती. किती ते कळत नव्हतं. ती काम थांबवून इकडे बघत असावीत, अशी उभी होती.

रेफर्डने हाक मारली. ठिपक्याने हात वर केला.

"दाजी, इंजिन सोडून कशाला आलात?" रेडिओ म्हणाला. "जा मागे. आठच राहिलेत."

रेफर्ड घाबरला. याला दुसरा शब्द नाही, आणि त्याने नंतरही कधी शोधला नाही. इंजिन असं वाऱ्यावर सोडणं बरं नव्हे, हेही एक कारण त्याच्या मनात होतं, पण ते त्याने पाय मागे फिरल्यावर शोधलं. साठीला आलेला माणूस खडीवरून ठेचकाळत धावत सुटला. जाताना सोळा ओलांडले होते. येताना आठव्यालाच इंजिन आलं.

वर हॉइट बसला होता.

आपल्या जागेवर, खिडकीला टेकून. घामाने निथळत होता आणि त्याच्या बुटांना घोट्यापर्यंत भुसा चिकटला होता.

"कुठे गेला होतात?" तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "मी कधीचा बसलोय इथे. दाजी, चला. ओढा गाडी. आधी ओढा."

७

रेफर्डने त्याचं मनगट धरलं. गरम होतं, नाडी उडत होती. डाव्या अंगठ्यावर सांध्यात चिरडल्याची जुनी खूण होती. डोळे वायनेलचे होते.

"दाजी, ओढू नका," रेडिओवर हॉइट म्हणाला. "मी गाडीच्या मागे खाली उभा आहे."

कॅबमधल्या हॉइटने ते ऐकलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही, हे रेफर्डला दिसलं. त्याने नुसती मान खाली घातली.

"तो कोण आहे?" रेफर्डने विचारलं.

उत्तर यायला वेळ लागला. "मला तिथे तुमचा आवाज यायचा," हॉइट म्हणाला. "ये म्हणायचा. आठच राहिलेत म्हणायचा. मी गेलो, दाजी. कितीदा गेलो." त्याने रेफर्डची बाही पकडली. "ताईकडे चला."

रेफर्डने खिडकीतून मागे पाहिलं. रांगेच्या टोकाला नारिंगी ठिपका रुळावर आडवा हात हलवत होता. थांबा. ही खूण पाहिल्यावर गाडी हलवायची नसते, मग ती खूण कुणीही केलेली असो, रस्त्यावरच्या अनोळखी माणसानेसुद्धा. इतक्या वर्षांत रेफर्डने ती एकदाही मोडली नव्हती.

एकाला घेऊन जायचं होतं. एक हाताला लागत होता. त्याने ब्रेक सोडले आणि गाडी ओढली.

झाडं विरळ झाली. गिरणीची भिंत आली, तिच्यावर धूळ खात बसलेली कबुतरं आली. खड्डा, टपालपेटी. रेफर्डने आरशात बघितलं नाही. मागून किती डबे येतायत ते त्याला मोजायचं नव्हतं.

सांध्यावरून गाडी बाहेर पडली. "उतर, सांधा लावून ये," तो सवयीने म्हणाला.

"राहू दे, दाजी."

हॉइट सॅपने आयुष्यात सांधा उघडा टाकला नव्हता. तसं करणाऱ्याची नोकरी जाते, आणि मागून येणाऱ्याचा जीव जातो. रेफर्डने त्याच्याकडे पाहिलं. तो थरथरत होता, आणि थरथरणाऱ्या माणसाला सांध्याचं काय सांगायचं, असं रेफर्डने स्वतःला समजावलं. गाडी थांबवली नाही.

मग रेडिओ बोलू लागला. आवाजात विनवणी नव्हती, रागही नव्हता. डबे ओढून नेताना गार्डने काही मोजायचं नसतं, पण हा मोजत होता, ड्रायव्हरला कळावं म्हणून, आपल्यापासून गाडी किती लांब गेली ते.

"दहा डबे, दाजी."

थोड्या वेळाने, "वीस."

"बंद करा ते," शेजारचा हॉइट म्हणाला. रेफर्डचा हात बटणापर्यंत गेला आणि परत आला.

"चाळीस." कचेरीतून ज्यूएलबाई मध्येच विचारत होत्या, गाडी बाहेर पडली का, सांधा लागला का. त्यांना हा दुसरा आवाज ऐकू येत नसावा, कारण त्या त्याच्यावरूनच बोलत होत्या. "साठ," आवाज म्हणाला, त्यांचं वाक्य संपायची वाट पाहून. रेडिओवर दुसऱ्याचं बोलणं कधी तोडायचं नाही, ही हॉइटची रीत होती. रेफर्डच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते त्याने पुसलं नाही, कारण एक हात इंजिनाच्या दांड्यावर होता आणि दुसऱ्या हाताने त्याने अजून ते गरम मनगट धरून ठेवलं होतं.

बेथेलच्या फाट्यापासून मैलावर विसाव्या मैलाचा खांब आहे. साठ फुटी डबे मैलात अठ्ठ्याऐंशी बसतात. हे गार्डला माहीत असतं, ड्रायव्हरला माहीत असतं, दुसऱ्या कुणाला माहीत असायचं कारण नाही. खांब खिडकीतून गेला.

"अठ्ठ्याऐंशी," हॉइट म्हणाला, अगदी त्या क्षणाला. "अजून दिसताय."

त्यानंतर रेडिओवर काही आलं नाही.

शेजारी हॉइट डोळे मिटून बसला होता. रेफर्ड मनातल्या मनात डबे मोजू लागला. तो नियम ढकलताना लागतो, ओढताना नाही, हे त्याला कळत होतं, तरी तो मोजत राहिला. दहा. वीस. तीस. शब्द आला नाही. अठ्ठ्याऐंशीचे निम्मे चव्वेचाळीस, तेवढ्यात थांबायचं; आधी थांबायचं, मग विचारायचं. चाळीस झाले. त्याने ब्रेकवर हात ठेवला. त्रेचाळीस. चव्वेचाळीस.

पंचेचाळीस झाले तेव्हाही गाडी चालतच होती.